पाकीट पोचवणाऱ्यांची शर्यत

शर्यत सुरू होताना स्पर्धकाच्या हातात एक कागद पडतो. त्याला म्हणतात मॅनिफेस्ट. कुठून काय उचलायचं आणि कुठे पोचवायचं, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. मार्ग ज्याचा त्याने शोधायचा. सायकल कुरिअरांच्या जागतिक स्पर्धेतली मुख्य शर्यत ही अशी असते. वाहतुकीला बंद केलेले रस्ते, त्यांतले काही एकेरी, आणि ठिकठिकाणी मांडलेली टेबलं. तिथे थांबायचं, वस्तू घ्यायची किंवा द्यायची, कागदावर सही-शिक्का घ्यायचा आणि निघायचं. वस्तू कधी साधा लिफाफा, कधी लांबलचक नळकांडं, कधी खोकं. पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढंच एका खेपेत न्यायचं. एक सही राहिली तर फेरी अपुरी.

त्यामुळे नुसत्या मांड्यांच्या जोरावर इथे जिंकता येत नाही. शिट्टी वाजल्यावर भन्नाट सुटणारा पोरगा चुकीच्या क्रमाने गेला, तर त्याच चौकात तीनदा येतो. मुरलेला कुरिअर आधी कागद वाचतो, कुठल्या चार खेपा एकीत बसतील ते पाहतो आणि मगच पेडल मारतो. रोजच्या कामातलं हेच कसब एरवी कुणाच्या नजरेत येत नाही. ते मोजणारी शर्यत या लोकांनी स्वतःच घडवली, याचं मला फार मोल वाटतं.

पोटाच्या धंद्यातून शर्यत निघण्याची रीत जुनी आहे. पॅरिसमध्ये वर्तमानपत्रं वाहणाऱ्यांची शर्यत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली; गठ्ठे सायकलवर लादूनच धावायचं. कोपनहेगनमध्ये मालवाहू सायकलवाल्यांच्या शर्यती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालल्या, मोटारी आल्यावर थांबल्या आणि २००९ मध्ये पुन्हा सुरू झाल्या.

आजच्या परंपरेचा उगम मात्र टोरंटोत. तिथल्या कुरिअरांनी १९८९ मध्ये घेतलेल्या शर्यतीला ‘ॲलीकॅट’ हे नाव पडलं आणि ते जगभर गेलं. ही शर्यत वाहत्या रहदारीत होते. स्पर्धकाचा क्रमांक चाकाच्या आऱ्यांत खोचलेल्या कार्डावर असतो, आणि अनेक ठिकाणी शेवटी येणाऱ्यालाही बक्षीस मिळतं. न्यूयॉर्कची ‘मॉन्स्टर ट्रॅक’ तर बिनब्रेकच्या फिक्स्ड गिअर सायकलींची. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच, वेग आवरायचा तो पायांनीच. २००८ मध्ये शिकागोत अशाच एका शर्यतीत, लाल सिग्नल ओलांडताना, एका स्पर्धकाचा जीव गेला. याला शौर्य म्हणायला मी तयार नाही. कसब दाखवायला बंद रस्ता पुरेसा असतो, हे १९९३ मध्ये बर्लिनला भरलेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेने दाखवलं होतं. पुढे ती लंडन, टोरंटो, सॅन फ्रान्सिस्को करत २००९ मध्ये टोकियोला आणि २०१९ मध्ये जकार्तालाही पोचली.

शहरांनी या लोकांना प्रेमाने वागवलं असं नाही. १९८७ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर एड कॉच यांनी मिडटाउनमधल्या फिफ्थ, पार्क आणि मॅडिसन या रस्त्यांवर कामाच्या दिवशी सकाळी १० ते दुपारी ४ सायकलबंदी जाहीर केली. कुरिअर जथ्याने रस्त्यावर उतरले आणि न्यायालयात ती बंदी टिकली नाही. पण फॅक्स आणि ईमेलला कोण अडवणार? वकिलांची, जाहिरात संस्थांची पाकिटं आटत गेली. जेवणाचे डबे आणि खोकी वाढली.

रोजी मिळते ती बहुधा खेपेवर. हात मोडला की कमाई बंद, आणि पगारी रजा सहसा नसतेच. लंडनच्या एका महिला सायकल कुरिअरने हे मुकाट्याने मान्य केलं नाही. ती स्वतंत्र व्यावसायिक नसून कामगारच आहे, असा निर्णय तिथल्या रोजगार न्यायाधिकरणाने जानेवारी २०१७ मध्ये दिला. त्यामुळे पगारी रजेवर तिचा हक्क ठरला. जिथे असा हक्क नाही तिथे कुरिअरांनीच एक आपत्कालीन निधी उभारला आहे. कामावर जखमी होऊन घरी बसलेल्या सोबत्याला त्यातून पैसे मिळतात, आणि त्या निधीत भर घालायला पुन्हा शर्यतीच भरवल्या जातात.