समूहगान कशासाठी?

विद्यापीठाचा युवक महोत्सव जवळ आला, की सोलापूर, पंढरपूर, बार्शी येथील महाविद्यालयांत समूहगीताच्या तालमी सुरू होतात. व्यासपीठावर सहा गायक उभे राहतात. चमकणाऱ्यांना राज्याच्या ‘इंद्रधनुष्य’ महोत्सवात विद्यापीठातर्फे गाण्याची संधी असते. या सहांपैकी प्रत्येकजण कशासाठी गातो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

एलियट व मॅकग्रेगर या अमेरिकेतील अभ्यासकांनी २००१ मध्ये शिकणाऱ्याच्या उद्दिष्टांचे चार प्रकार मांडले. एकाला विद्या आत्मसात करायची असते. दुसऱ्याला धास्ती असते, की आपल्याकडून शिकण्यात काही राहून जाईल. तिसऱ्याला इतरांहून सरस ठरायचे असते. चौथ्याला एवढेच हवे असते, की चारचौघांत फजिती होऊ नये. सरस ठरण्याची ईर्षा सरसकट वाईट नव्हे. पुष्कळदा ती गुण मिळवून देते. पण विषयाची गोडी टिकते ती पहिल्या उद्दिष्टाने. फजितीच्या भीतीने मात्र चिंता वाढते आणि काम बिघडते.

समूहगानात हे सारे कानांना कळते. भ्यालेला गायक शेजाऱ्याच्या आवाजामागे लपतो. ईर्षेला पेटलेला आवाज चढवतो आणि बाकीचे पाचजण झाकले जातात. दोघेही एकमेकांचे ऐकत नाहीत. आणि ऐकणे हे तर समूहगानाचे निम्मे अंग. नगावर मजुरी सुरू झाली, की शेजारच्या मागाकडे पाहायला सवड उरत नाही, हे आम्ही कामगार चळवळीत पाहिले आहे. त्यातलाच हा प्रकार.

बार्शीचे अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. तेथे गुणपत्रक नव्हते. मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचला पाहिजे, ही निकड होती. हे उद्दिष्ट वरच्या चार कप्प्यांत नीट बसत नाही, कारण ते ‘मी’च्या बाहेरचे आहे. महाविद्यालय सुटल्यावरही गाणे सुटू नये, असे वाटत असेल तर मुलांना याची चव मिळाली पाहिजे.

म्हणून शिक्षकांना व पालकांना आमचे सांगणे एवढेच. चुकलेल्याला सर्वांदेखत लाजवू नका. मागच्या आठवड्यापेक्षा काय सुधारले, हे आधी विचारा. आणि स्पर्धेपूर्वी एकदा मुलांना विडी कामगारांच्या वस्तीत गायला न्या. तेथे ढाल मिळणार नाही. पण गाणे पोहोचले की नाही, हे समोरच्या चेहऱ्यांवर लगेच दिसेल.