कोयत्याचा बाजारभाव

दिवाळी सरली की मुखेड, कंधार, जळकोट भागातल्या वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टर येऊन थांबतात. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण ट्रॉलीत चढतं आणि पुढचे पाच-सहा महिने घर म्हाताऱ्यांवर सोपवलं जातं. ऊसतोडीच्या बाजारात मजूर माणशी मोजत नाहीत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. एकटा आला तर ‘अर्धा कोयता’.

इथे पैसे आधी आणि काम नंतर. पावसाळ्यात हात रिकामे असतात, घरात लग्न किंवा आजारपण निघतं. तेव्हा टोळी जमवणारा मुकादम ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम देतो. ही रक्कम बहुधा कारखान्याकडून वाहतूक ठेकेदारामार्फत त्याच्यापर्यंत आलेली असते.

कारखाना ही जोखीम का घेतो? तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर घटू लागते. ऐन गाळपात टोळी आली नाही, तर कारखान्याची ऊस टाकायची गव्हाण रिकामी राहते. उचल म्हणजे मजुरांची आगाऊ नोंदणीच!

पण या नोंदणीची किंमत मजूर मोजतो. शेजारच्या कारखान्याने जास्त दर दिला तरी त्याला फड सोडता येत नाही. उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते.

जानेवारी 2024मध्ये तोडणीदरात 34 टक्के वाढ ठरली. मजुरी वाढली, टोळ्या मिळेनाशा झाल्या की कारखाने यंत्राकडे वळतात. लातूरजवळच्या विलासनगरच्या मांजरा कारखान्याने हार्वेस्टरवर मोठा भर दिला आहे. मात्र हार्वेस्टरला रुंद सरी आणि वळायला मोकळी जागा लागते. अरुंद सरीच्या, तुकड्या-तुकड्यांच्या रानात अजून कोयताच चालतो.