वंशावळीतला यखन्या

मत्तयाचं शुभवर्तमान येशूच्या वंशावळीनेच सुरू होतं आणि बहुतेक वाचक ती गाळून पुढे जातात. निदान यखन्या राजापाशी तरी जरूर थांबावं. इ.स.पू. ५९७ मध्ये त्याला कैद करून बाबेलला नेलं. तो देवाच्या हातातली मुद्रेची अंगठी असता, तरी उपटून फेकला गेला असता, असं यिर्मयाने आधीच बजावलं होतं. दावीदाचा वंश सिंहासनावर टिकेल, हे देवाने त्याला दिलेलं वचन तिथेच संपलं, असं कुणालाही वाटावं. पण पुढे हाग्गय संदेष्टा याच यखन्याच्या नातवाला, जरुब्बाबेलाला, देवाची मुद्रा म्हणतो! काढून फेकलेली अंगठी देवाने पुन्हा बोटात घातली.

याच यादीत मवाबी रूथ आहे, उरियाची बायकोही आहे; मत्तयाने तिच्याबाबतीतलं दावीदाचं पाप झाकलेलं नाही. जरुब्बाबेलानंतरची बहुतेक माणसं तर बायबलमध्ये इतरत्र भेटतच नाहीत. राज्य गेलं, सिंहासन गेलं, तरी वंश योसेफापर्यंत चालत राहिला.