रानटी कुणाला म्हणायचं?



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यावरून बोलाचाली झाली. रागाच्या भरात एकीने डोंगरावरच्या वाडीतून येणाऱ्या बाईला "रानटी" म्हटलं. ती काही बोलली नाही. पासबुक पिशवीत घालून निघून गेली. तेव्हापासून तो शब्द माझ्या मनात घोळतोय. आज एका परदेशी झुडपाची गोष्ट सांगते, ती याच शब्दापाशी येते.

स्कॉटलंडमध्ये डोंगरउतारांवर मोठमोठे ओसाड माळ आहेत. थंडी, वारा आणि निकस, आंबट जमीन. तिथे धान्य नीट येत नाही, पण हेदर नावाचं गुडघाभर उंचीचं झुडूप दाट वाढतं. ऑगस्टमध्ये त्याला बारीक जांभळी फुलं येतात आणि सगळा माळ रंगून जातो. हीथ हे त्याचं भावंड. हेदरची पानं खवल्यांसारखी देठाला चिकटलेली, तर हीथची सुईसारखी असतात.

तिथल्या गरिबांनी हेदरने घरं शाकारली, त्याची अंथरुणं केली, फांद्यांचे झाडू बांधले. शास्त्रज्ञ हेदरला कॅलुना म्हणतात, ते नावसुद्धा झाडून साफ करणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय. त्याच्या फुलांचा दाट मध आजही नावाजलेला आहे.

इंग्रजीत "हीथ" म्हणजे झुडूप आणि ते जिथे वाढतं तो माळही. त्यावरूनच "हीदन" शब्द आला, त्याचा मूळ अर्थ माळावर राहणारा, असं मानतात. पुढे ख्रिस्ती नसलेल्यांना आणि मग अडाणी, असंस्कृत माणसांनाही तो लावला गेला. आपण रानावरून रानटी केलं आणि गावावरून गावंढळ, तसंच हे.

पण त्याच इंग्रजीत आईबापांनी लाडाने मुलींचं नाव हेदर ठेवलं. १९७०च्या दशकात अमेरिकेत ते फार आवडतं नाव होतं. म्हणजे माळावरच्या माणसाला हिणवायचं आणि माळावरचं फूल मात्र लेकीच्या नावात घ्यायचं!

आपलं तरी काय वेगळं आहे? वाडीवरच्या त्या बाईने आणलेली करवंदं आणि शिकेकाई आम्ही सगळ्यांनी आवडीने घेतलीय.

येत्या बैठकीआधी मी तिच्या घरी जाणार आहे. हे कळल्यावर, जिच्या तोंडून तो शब्द गेला तीच म्हणाली, "ताई, मीपण येते."

तुमच्या गटातली एखादी बाई अचानक गप्प झाली असेल, तर तिच्याकडे एकदा जाऊन या.