गंजलेली पेट्रोलची टाकी

बंगळूरच्या पूर्वेस व्हाइटफील्ड हे उपनगर आहे. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन लोकांच्या वसाहतीसाठी येथे जमीन दिली. शेतीसाठी वसलेल्या त्या वस्तीत आज संगणक-उद्योगाच्या इमारती उभ्या आहेत, आणि नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही तेथे नांदत आहेत. अशा एखाद्या घराच्या वाहनतळात वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी झाकून ठेवलेली असते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. सणावारी ती बाहेर काढावी, तर थोडे अंतर धावते, चढावर आचके देते आणि बंद पडते. कार्बुरेटर साफ केला की चार दिवस बरे जातात, पुन्हा तेच. दोष कार्बुरेटरचा नसतो. रोगाचे मूळ असते पेट्रोलच्या टाकीत.

पेट्रोलाने लोखंड गंजत नाही. गंजते ते पाण्याने. टाकीतले पेट्रोल जसजसे कमी होते तसतशी तिच्यात हवा शिरते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तेथे रात्री गार पडते. त्या गारव्याने हवेतील बाष्पाचे दव टाकीच्या पत्र्यावर धरते. पाणी पेट्रोलाहून जड, म्हणून ते तळाशी बसते व तेथूनच गंज लागतो. त्याचे कण नळीवाटे पंपात आणि कार्बुरेटरच्या सूक्ष्म छिद्रांत जाऊन अडकतात.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाची विक्री ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूर येथील समारंभातच सुरू करण्यात आली. इथेनॉल पाणी शोषून घेते; पण त्याची मर्यादा ओलांडली की पाणी व इथेनॉल मिळून वेगळा थर होतो आणि तळाशी साचतो. उभ्या असलेल्या जुन्या गाडीला हा थर फार बाधतो.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की ठसवावी: भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ मिसळली की एका ठिणगीने तिचा स्फोट होतो. ही वाफ हवेहून जड असल्याने तळघरात साचून राहते. म्हणून हे काम उघड्यावर, बॅटरीची जोडणी सोडवून, विडी-काडी दूर ठेवूनच करावे.

टाकी उतरवून तिच्यातील पेट्रोल झाकणाच्या धातूच्या डब्यात काढावे. साबणाच्या गरम पाण्याने टाकी अनेकदा धुवावी. मग त्याच पाण्यात लहानशी साखळी सोडून टाकी हलवावी, म्हणजे सुटे पोपडे निघतात. नंतर दहा लिटर पाण्यात अर्धा किलो सायट्रिक आम्ल, म्हणजेच लिंबूसत्त्व, विरघळवून ते टाकीत भरावे व दिवसभर राहू द्यावे. तोंड मात्र घट्ट बंद करू नये, कारण या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो. गंज सुटल्यावर द्रावण ओतून द्यावे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेले आम्ल मारावे आणि स्वच्छ पाण्याने विसळून टाकी तत्काळ सुकवावी. येथे विलंब घातक ठरतो. उघडा पडलेला पत्रा पाहता पाहता पुन्हा तांबूस होतो. सुकलेल्या टाकीस आतून इथेनॉलला टिकणारा लेप द्यावा. जुना गाळणा व रबराच्या नळ्या बदलाव्यात.

टाकीला भोक पडले असल्यास मात्र घरगुती उपाय थांबवावेत. धुतलेल्या टाकीच्या सांध्यांतही वाफ दडून राहते, आणि झाळकामाची ज्योत तिला पुरेशी होते. ते काम जाणत्या कारागिराचेच. पत्रा चाळणीसारखा झाला असेल तर नवी टाकी घेणेच शहाणपणाचे.

यापुढे टाकी शक्यतो भरलेली ठेवावी आणि पंधरवड्यातून एकदा तरी गाडी फिरवून आणावी. वडिलांची आठवण म्हणून जपलेले वाहन झाकून ठेवल्याने टिकत नाही. ते चालते ठेवल्यानेच टिकते.