ब्रिटन रोडवरची एमजीबी

टेक्ससातल्या अर्विंगच्या ब्रिटन रोडवर एकता मंदिर आहे. आरती आटोपून मंडळी पार्किंगमध्ये गाडीच्या चाव्या शोधत असतात आणि कोपऱ्यातून अशी किंकाळी उठते, की पोरं कानांवर हात ठेवतात. ती दादांची एमजीबी. ब्रिटिश गाडीनं नेमका ब्रिटन रोडवर गळा काढावा, हा विनोद दादा प्रत्येक नवख्याला ऐकवतात.

दादा मूळचे सांगलीचे. गाडी १९७२ची, दोन माणसांची, छत दुमडणारी. इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेत आल्या. टेक्ससात आता तिची नाडी बघणारं सरकारी कुणी नाही. पंचवीस वर्षांवरच्या गाडीला धुराची चाचणी नाही आणि १ जानेवारी २०२५पासून खाजगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीही बंद झाली. उरले मालकाचे कान.

जुलैतल्या एका शनिवारी, ऊन चढायच्या आत, आम्ही बॉनेट उघडलं. माझं काम टॉर्च धरायचं. मी हुशारी दाखवत म्हणालो, "दादा, बेल्ट बदलून टाका ना." ते म्हणाले, "दोनदा बदललाय. बेल्ट-बेल्ट म्हणून बोंबलू नका. तो ओरडतो कधी, ते ऐका."

ओरडत होता तो सुरू केल्याबरोबर. मग शांत. हेडलाइट आणि ब्लोअर लावला, की पुन्हा. यात सगळं निदान आलं म्हटलं तरी चालेल. स्टार्टरनं बॅटरीतून बराच करंट ओढलेला असतो. तो भरून काढायला बेल्टवर फिरणारा अल्टरनेटर लगेच कामाला लागतो. जितका करंट जास्त, तितका आतला रोटर फिरवायला जड, भरल्या मोटेसारखा. त्या वेळी पट्ट्याची पकड कमी पडली, की पुली मागं राहते, पट्टा पुढं सरकतो, धरतो-सुटतो-धरतो, आणि त्या धरसोडीचा आवाज होतो. म्हणून दादांनी आधी बॅटरी तपासली. बॅटरीच दमलेली असेल, तर अल्टरनेटर सतत ओढत राहतो आणि शिव्या पट्ट्याला बसतात. बॅटरी ठणठणीत निघाली.

मग खरी गोम सांगितली. या गाडीच्या मूळ लुकस अल्टरनेटरची क्षमता ३४ अँपिअरची. चौदा व्होल्टला ती साधारण ४७५ वॅट भरते, म्हणजे स्वयंपाकघरातला एक मिक्सर. इथल्या उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जातो, म्हणून दादांनी रेडिएटरला विजेचा पंखा लावला आणि त्याला करंट पुरावा म्हणून ६५ अँपिअरचा अल्टरनेटर. आता जवळजवळ दोन मिक्सर, आणि ओढायला तोच जुना, करंगळीएवढा पट्टा.

हा पट्टा गिरणीतल्यासारखा सपाट नाही. लहानपणी आमच्या गल्लीतला गिरणीवाला पट्टा घसरायला लागला, की त्यावर राळ टाकायचा. इथंही दुकानात त्यासाठी फवारे मिळतात. ते मारले, की दोन दिवस शांतता, मग धूळ चिकटून आणखी हाल. व्ही आकाराचा पट्टा डेन्व्हरच्या जॉन गेट्सनं १९१७मध्ये आणला, त्याचं मर्म पाचरीत आहे. तो पुलीच्या खाचेत दोन्ही कुशींनी रुतून बसतो. तळ टेकायचाच नाही. दादांनी पट्टा उतरवून माझ्या हातात दिला. कुशी घोटलेल्या फरशीसारख्या गुळगुळीत, आणि तळही चकचकीत. झिजून तो खाचेत बसकण मारत होता. एक कूस दुसरीपेक्षा जास्त खाल्लेली होती. तिच्याकडे मी दुर्लक्ष केलं, दादांनी केलं नाही.

पट्टा उतरलेला असतानाच अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप हातानं फिरवून पाहिले. बेअरिंग गेलं असेल, तर बोटांना वाळूची खरखर लागते. दोन्ही मऊ फिरले.

नवा पट्टा चढवला. अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करून तो लाकडी दांड्यानं बाहेर रेटायचा, तेही फक्त पुलीकडच्या तोंडाला टेकू देऊन. मागच्या बाजूला जोर दिला, तर त्याचं कवच तडकतं. सर्वांत लांब टप्प्यावर अंगठ्यानं दाबल्यावर पट्टा अर्धा इंच खाली जावा, असा ताण. जास्त आवळला, तर पंपाचं बेअरिंग भोगतं. गाडी सुरू केली. किंकाळी गेली होती, पण चिमणीसारखी चिकचिक उरली.

दादांनी फिरत्या पट्ट्यावर लांबून पाण्याचा बारीक फवारा मारला. ताण कमी असेल, तर पाण्यानं आवाज वाढतो. इथं तो थांबला आणि थोड्या वेळानं परत आला. म्हणजे पुल्या एका रेषेत नाहीत. इंजिन बंद करून स्टीलची फुटपट्टी टेकवली: नवा अल्टरनेटर तीन मिलिमीटर मागं. जास्त झिजलेल्या कुशीचा उलगडा झाला. अल्टरनेटर पुढं आणायला जाडीचे वॉशर शोधण्यात डब्यात अर्धा तास गेला, हे सांगायला नको.

नंतर लास कोलिनासला, विल्यम्स स्क्वेअरपर्यंत फेरी मारली, दिवे आणि पंखा चालू ठेवून. आधी दिवे लावले, की १२.४वर बसणारा व्होल्टमीटर १४.१ दाखवत होता. रॉबर्ट ग्लेनचे कांस्याचे नऊ घोडे १९८४पासून जिथं पाणी उडवत धावतायत, तिथं गाडी बंद करून दादांनी पुलीला हळूच बोट लावलं. घसरणारा पट्टा ती चटका बसेल इतकी तापवतो. बोट तिथंच राहिलं.

जुना पट्टा मी कचऱ्यात टाकणार होतो. दादांनी तो घेतला, आठाच्या आकड्यात दुमडला आणि डिकीत ठेवला. "असू दे. रात्री हायवे १८३वर नवा तुटला, तर घरापर्यंत आणेल."