रिकाम्या चौकटीत कुणाचा फोटो?

मैत्रिणींनो, पूर्वी घरातली गाणी कॅसेटच्या डब्यात असायची आणि लग्नाची सीडी कपाटात, साड्यांच्या घडीखाली. आता सगळं एका हार्ड डिस्कवर मावतं. आमच्या बचत गटातल्या दोघी-तिघींच्या घरी मुलांनी ‘कोडी’ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टीव्हीला जोडून दिलंय. सिनेमांची पोस्टर्स, अल्बमची चित्रं त्यात ओळीनं दिसतात. मुलं पुण्याला निघून जातात आणि एक दिवस पडद्यावर ‘स्क्रिप्ट एरर’ उमटतं. चित्रं गायब! बाईच्या पोटात गोळाच येतो, ‘पोरीच्या लग्नाचं शूटिंग पुसलं की काय?’

नाही हो. फाइली जागच्या जागी असतात. स्क्रिप्ट म्हणजे चित्रं शोधून आणणारा छोटा प्रोग्राम. तो अडखळला, एवढंच. एका दुकानदारानं आमच्यातल्या एकीला सरळ ‘फॉरमॅट मारा’ म्हणून सांगितलं. तसं केलं असतं, तर मात्र होतं-नव्हतं ते खरंच गेलं असतं. म्हणून आधी कारण शोधायचं.

पहिलं, नेट चालू आहे का ते बघा. ही चित्रं नेटवरूनच येतात. दुसरं, एररमध्ये कुठल्या अ‍ॅड-ऑनचं नाव आहे ते वहीत लिहून घ्या. २०२१ मध्ये कोडीची १९ वी आवृत्ती आली, तेव्हा आतली ‘पायथन’ ही भाषा बदलून नवी पिढी आली आणि न सुधारलेले जुने अ‍ॅड-ऑन बंद पडले. तसं असेल तर जुनं काढून त्याच कामाचं नवं घ्यायचं. तिसरं, चित्र आलं पण भलतंच आलं, तर फाइलचं नाव तपासा. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ १९५३ चा, त्याच नावाचा दुसरा सिनेमा २०२३ चा. नावापुढे कंसात साल लिहिलं की घोटाळा टळतो.

पण आपल्या आईच्या ओव्यांचं काय? त्यांचं चित्र कुठल्याच स्क्रिप्टला सापडणार नाही. ते आपणच लावायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. १९९६ साली आपल्या माजलगावच्या भीमनगरातही त्यांच्या चमूनं बायांच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. ओवीसोबत बाईचं नाव, गाव नोंदलं, म्हणून आज त्या बाया आपल्याला नावानिशी माहीत आहेत.

घरी हे सोपं आहे. त्या फोल्डरमध्ये एक फोटो ठेवा, त्याचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत नुसतं ‘फोल्डर’, प्रकार जेपीजी. स्क्रिप्ट नको, नेट नको. आमच्या गटातल्या एकीची आई जन्मभर ऊसतोडीला जायची. तिच्या ओव्या मोबाइलवर घेतलेल्या होत्या, फोटो मात्र एकच, मतदार ओळखपत्रावरचा. लेकीनं तोच लावला. आता नातवंडं टीव्हीवर आजीला बोट दाखवून ओळखतात.

तेव्हा मैत्रिणींनो, घरातली म्हातारी गात असेल तर आवाजाबरोबर तिचा एक फोटोही आजच घ्या. फाइलला तिचं नाव, गाव आणि साल द्या. आणि हो, सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवायला विसरू नका!